गरज, हौस आणि गटाचा धंदा

दिवसभराचं काम आटोपून, चुलीवर आंधण ठेवून रेडिओ लावलेल्या सगळ्या तायांना आणि काकूंना आमचा नमस्कार. बाजेवर पडल्या पडल्या कान देऊन ऐकणाऱ्या भाऊंनाही नमस्कार. आजचं बोलणं तुमच्याही कामाचं आहे.

आज धंद्याची गोष्ट सांगणार आहोत. पण आधी आमच्या फजितीची सांगतो, कारण फायद्यापेक्षा त्या तोट्यानेच आम्हाला जास्त शिकवलं.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने फिनाइल बनवण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. शिकवणाऱ्या बाईंनी मन लावून शिकवलं, आम्हीही मन लावून शिकलो. गटातून कर्ज उचललं. कच्चा माल, रिकाम्या बाटल्या, छापील लेबलं आणली आणि एकीच्या पडवीत बसून दोनशे बाटल्या भरल्या. पहिल्याच आठवड्यात साठ बाटल्या खपल्या. आम्हाला वाटलं, आता काय, गाडी लागली रस्त्याला!

पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच घरी गेलो, तर पहिलीच बाटली तशीच्या तशी कोनाड्यात उभी. मग डोक्यात उजेड पडला. त्या साठ बाटल्या आमच्याच जावांनी, नणंदांनी, मावशांनी घेतल्या होत्या. कुणी मायेने, कुणी भिडेने. एका काकूंनी तर तोंडावरच सांगितलं, "बाई, तुमचं फिनाइल चांगलं हाय जी. पन मी घर शेणानं सारवतो. हे कायले टाकू?"

उरलेल्या बाटल्या पलंगाखाली गेल्या. कर्जाचा हप्ता मात्र पलंगाखाली जात नाही, तो दर महिन्याला दारात उभा राहतो. कुणी धानाच्या पैशातून भरला, कुणी रोवणीच्या मजुरीतून. दोघीतिघींच्या घरी त्यावरून कटकटही झाली. "मोठा धंदा करायला निघाल्या होत्या," हे वाक्य आम्ही बरेच दिवस ऐकलं.

तेव्हा चुकलं काय? फिनाइल चांगलं होतं, मेहनतही कमी पडली नव्हती. चुकला होता तो पहिला प्रश्न. आम्ही विचारलं, "आपल्याला काय बनवता येतं?" "कुणाला काय लागतं?" हे विचारलंच नाही.

गरज कोणती, हौस कोणती

आता हे "लागणं" दोन प्रकारचं असतं. एक गरज आणि दुसरी हौस. गरज म्हणजे ज्यावाचून अडतं. पोटाला अन्न, प्यायला पाणी, अंगावर कपडा, डोक्यावर छप्पर, दुखलं खुपलं तर औषध, लेकरांचं शिक्षण. हौस म्हणजे ज्यावाचून अडत नाही, पण मिळालं तर मन भरतं.

आपल्या ताटातलंच बघू. आपला जिल्हा धानाचा. ताटात भात नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. भात ही आपली गरज. रोजच्याला आपण साधा तांदूळ शिजवतो, रेशनचाही चालतो. पण जावई आले, पाहुणे आले की डब्यातला चिन्नोर निघतो. त्याचा वास ओसरीपर्यंत येतो. या आपल्या भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. आता सांगा, पोट कशाने भरतं? दोन्हीने भरतं. पोट भरणं ही गरज झाली. वास, मऊपणा आणि चार पाहुण्यांत आपल्या घराचा मान, ही हौस झाली. एकाच ताटात, एकाच घासात दोन्ही बसल्या आहेत. त्यांची वेगळी घरं नसतात, हे आधी ध्यानात घ्या.

माणसागणिकही फरक पडतो. मोबाइल घ्या. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला, तेव्हा ज्या घरात एकही मोबाइल नव्हता तिथे तो पोरीच्या शिक्षणाची गरज होता. ज्या घरात तीन होते, तिथे चौथा ही हौस होती. शिलाई मशीन जी रोज चार ब्लाउज शिवते तिची गरज. जिच्या घरी त्यावर चादर टाकून फुलदाणी ठेवली आहे, तिची ती हौस. वस्तू तीच, पण घर बदललं की नाव बदलतं. म्हणून "ही वस्तू गरजेची की हौसेची" एवढं विचारून भागत नाही. "कुणासाठी" आणि "केव्हा" हेही विचारावं लागतं.

आणखी एक तिसरा शब्द आहे, मागणी. गरज किंवा हौस असली, खिशात पैसा असला आणि तो खर्च करायची तयारी असली, की तिघं मिळून मागणी होते. यातलं एक जरी नसलं तरी माल पडून राहतो. आमच्या काकूंकडे फिनाइलच्या बाटलीपुरते पैसे होते, पण गरजही नव्हती आणि हौसही नव्हती. उलटही होतं. गरज डोंगराएवढी आणि खिसा रिकामा. अशा वेळी दोष मालाचा नसतो, तरी धंदा उभा राहत नाही.

हौस वाईट नाही

गटाच्या बैठकीत खर्चाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हौस बंद करा, गरजेपुरतं जगा." ऐकायला बरं वाटतं. पण मग मोहाडी-आंधळगावच्या मागाचं काय?

आपल्या जिल्ह्यातली करवतकाठी साडी तुम्ही पाहिली असेल. कोशाच्या रेशमाची. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, म्हणून करवतकाठी. तिलाही भौगोलिक मानांकन आहे. अंग झाकायला कोशाची साडी लागत नाही, सुती लुगडं पुरतं. पण लग्नात, सणाला, लेकीच्या पाठवणीला ती साडी हवीशी वाटते. त्या हौसेवर ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकवणाऱ्याचं घर चालतं. धागा काढणारी बाई, रंगवणारा, विणणारा, विकणारा, सगळ्यांची भाकरी तिथून येते. नेसणारीची हौस आहे, पण विणणाऱ्याच्या घरी तीच हौस गरज भागवते. म्हणून हौसेला नावं ठेवू नका. तिला ओळखा.

धंदा करणाऱ्या बाईने दोघींचा स्वभाव ओळखला पाहिजे. गरजेचा माल बारा महिने खपतो. तिखट, हळद, पीठ, डाळ. पण तो सगळेच विकतात, त्यामुळे गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी दुकान बदलतं. नफा थोडा सुटतो आणि भावाची ओढाताण रोजची. हौसेच्या मालात नफा बरा सुटतो, कारण तिथे गिऱ्हाईक भावाआधी रंग, काम आणि भरवसा बघतं. पण तो माल वेळेवरच खपतो. हंगाम गेला की पडून राहतो आणि लोकांची आवड बदलली की कालचा माल आज जुना होतो.

म्हणून आम्ही आता गटांना सांगतो, ताटासारखा धंदा मांडा. भात गरजेचा, त्यावर लोणचं हौसेचं. मुख्य पैसा रोज खपणाऱ्या मालात घाला. थोडा पैसा, बुडाला तरी हप्ता चुकणार नाही एवढाच, हौसेच्या मालात घालून बघा. नुसत्या लोणच्यावर जेवण होत नाही.

पितळेचा गुंड कुठे गेला?

गरज आणि वस्तू यांत आपण नेहमी गल्लत करतो. त्यासाठी आपल्याच भंडारा शहराची गोष्ट आठवा. भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. भाना म्हणजे पितळेचं ताट, त्यावरून भंडारा नाव पडलं, असंही जुनी माणसं सांगतात. गुंड, घागरी, गंगाळ, तांबे, पराती. इथली भांडी विदर्भात आणि विदर्भाबाहेरही जायची. नव्या सुनेबरोबर पितळेचा गुंड आलाच पाहिजे, अशी रीत होती.

मग घरोघरी स्टील आलं. ॲल्युमिनियम आलं, प्लास्टिक आलं. भांडी घडवणारे कारागीर वाईट नव्हते, त्यांचं पितळही खोटं नव्हतं. पण बाईच्या बाजूने बघा. पितळेचा गुंड भरला की कंबर मोडते. चिंच लावून घासल्याशिवाय तो चमकत नाही. पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं तर ते कळकतं, म्हणून आतून कथलाची कल्हई हवी, आणि कल्हईवाला गावात येईल तेव्हाच ती होणार. स्टीलला यातलं काहीच लागत नाही. ते हलकं आहे, राखेने घासलं तरी भागतं.

बाईची गरज पितळ ही कधीच नव्हती. पाणी भरणं आणि अन्न शिजवणं ही तिची गरज होती. ती तशीच राहिली, फक्त ती भागवण्याची रीत बदलली. ज्याने "मी गुंड विकतो" असं धरून ठेवलं, त्याचं दुकान बसलं. "मी पाणी भरण्याचं साधन विकतो" असं ज्याने ओळखलं, त्याने स्टीलही ठेवलं.

आणि आज पितळ कुठे आहे? देवघरात आहे, लग्नाच्या आहेरात आहे, शहरातल्या दिवाणखान्यात शोभेला आहे. म्हणजे जे काल गरजेचं होतं ते आज हौसेचं झालं. हौसेचं झालं म्हणून त्याची घडण बदलली. पाणी भरायचा मोठा गुंड कमी झाला आणि समई, दिवा, लहान कलश यांना गिऱ्हाईक आलं. धंदा तगवायचा तर हा बदल वेळेत दिसला पाहिजे. तुमच्या मालाखाली कोणती गरज आहे आणि ती उद्या कशाने भागेल, हे वर्षातून एकदा तरी गटात बसून बोला.

आपल्या गावात आपले पापड का खपत नाहीत?

हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक गटात विचारला जातो. "ताई, आमचे पापड चवीला एक नंबर, तरी कोणी घेत नाही जी."

याचं उत्तर लिज्जत पापडाच्या जन्मात आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावच्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल काय, तर उसने घेतलेले ऐंशी रुपये. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या बायकांना पापड येत होते, तसे ते बाकीच्या बायकांनाही येत होतेच. मग ते विकत कोण घेणार? तर मुंबईतल्या खोलीत अंगण नाही, वाळवण घालायला जागा नाही, नोकरीमुळे वेळ नाही. तिथल्या गिऱ्हाइकाची गरज पापडाएवढीच वेळेची होती. लिज्जतच्या बायकांनी पापडाबरोबर तो वेळ विकला.

आता आपलं गाव बघा. उन्हाळ्यात प्रत्येकीच्या अंगणात खाटेवर वाळवण असतं. पापड, कुरडया, मूगवड्या, सगळं घरचं. तिथे आपण पापड घेऊन जातो म्हणजे नदीकाठच्या माणसाला पाणी विकायला जातो. तेच पापड नागपूरला नोकरी करणाऱ्या बाईकडे न्या. तिच्याकडे वेळ नाही, गच्ची नाही, पण गावाकडच्या चवीची हौस आहे. तिथे तुमच्या मालाला गरज आणि हौस दोन्ही भेटतात. माल बदलायच्या आधी दार बदलून बघा.

पुडीचा आकार

मालाएवढंच त्याच्या मापाकडेही लक्ष द्या. तामिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शाम्पू काढला आणि तो छोट्या पुडीत विकला. त्या काळी शाम्पूची बाटली म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांची हौस. पुडी आली तशी मजुरी करणारी बाईही सणासुदीला शाम्पू घेऊ लागली. हौस तर तिला आधीपासून होतीच. खिशाला परवडेल असं माप तेवढं नव्हतं.

आम्ही तिखट विकायला लागलो तेव्हा हाच धडा उपयोगी पडला. पवनीपलीकडच्या भिवापूरच्या मिरचीचं नाव मोठं. तिच्या तिखटाची अर्ध्या किलोची पाकिटं आम्ही केली होती. आठवडी बाजारात बाया हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या आणि खाली ठेवायच्या. एकीने सांगितलं, "तिखट चांगलं हाय, पन हप्त्याच्या बाजाराले मोजकेच पैसे रायतेत. एवढ्यातच सरले तर तेल कशाचं घेऊ?" आम्ही पन्नास आणि शंभर ग्रॅमच्या पुड्या केल्या. तेच तिखट खपायला लागलं. खाण्याचा माल विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी आणि पाकिटावर वजन, तारीख लागते. तेही तेव्हाच करून घेतलं.

पैसा केव्हा येतो ते बघा

आपल्याकडे घरातला पैसा धानाबरोबर चालतो. जून-जुलैत बियाणं, खत, रोवणीची मजुरी यांत हात रिकामा होतो. त्या दिवसांत घरात फक्त गरजेचं येतं. मीठ, तिखट, तेल, पोरांच्या वह्या. त्या वेळी तुम्ही कितीही सुंदर पर्स शिवून बाजारात बसा, बाया बघतील आणि पुढे जातील.

दिवाळीच्या आसपास हलकं धान हाती यायला लागतं आणि भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, रात्री दंडार, नाटक रंगतं. बांगड्या, फुगे, जिलेबी, खेळणी. त्या दिवशी बाप पोराला नाही म्हणत नाही आणि भाऊ बहिणीला नाही म्हणत नाही. मंडई हा हौसेचा बाजार. एका गावाची झाली की दुसऱ्या गावाची असते. ज्या गटाने त्याची तयारी पावसाळ्यातच सुरू केली, त्याचा माल तिथे पोचतो. पुढे उन्हाळ्यात लग्नसराई येते, तेव्हा आहेर, रुखवत, मसाले, वड्या यांना गिऱ्हाईक असतं.

आम्ही आता गटाच्या भिंतीवर बारा महिन्यांचा कागद लावतो. प्रत्येक महिन्यापुढे दोन गोष्टी लिहितो. गावात पैसा आहे की नाही, आणि लोकांना त्या महिन्यात काय लागतं. कर्जाचा हप्ताही त्या कागदाला धरून ठरवतो.

तयार केलेली हौस

हौस वाईट नाही असं आम्ही म्हटलं. पण एक हौस अशी असते की ती आपल्या मनात उगवत नाही, कुणीतरी आणून पेरतं. आधी सांगायचं, तुझ्यात काहीतरी कमी आहे. मग सांगायचं, ती कमी भरून काढायचं औषध आमच्याकडे आहे. गोरं करण्याची मलम घ्या. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आली. कित्येक वर्षं जाहिरातीत सावळी पोर उदास आणि गोरी झाली की नोकरी, नवरा, सगळं मिळालं असं दाखवत. त्यावर टीका वाढत गेली आणि २०२० मध्ये कंपनीने नावातला फेअर हा शब्द काढून टाकला. पण बांधीत उन्हात राबणाऱ्या कित्येक पोरींच्या मनात जे बसायचं ते बसून गेलं.

आपणही धंदा करतो. गिऱ्हाइकाला लाजवून, घाबरवून माल विकू नका. तिला आपला माल आवडला पाहिजे. आपला माल घेतला नाही म्हणून तिला स्वतःचा चेहरा नकोसा वाटू नये. आणि उधारीवर हौस विकू नका. मंडईत साडी उधार दिली तर ती बाई तुमची गिऱ्हाईक राहत नाही, कर्जदार होते. पुढच्या वेळी तुम्हाला बघून गल्ली बदलते.

न बोललेली गरज

काही गरजा इतक्या दबलेल्या असतात की त्या बाजारात दिसतच नाहीत. मासिक पाळीच्या पॅडबद्दल आपल्या गावात कोण मोठ्याने बोलत होतं? २०१८ च्या महिला दिनी राज्य सरकारने अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत पाकीट मिळावं आणि ते बचत गटांनी पोचवावं, अशी ती योजना होती. दुकानात पुरुषासमोर न मागता येणारी वस्तू गटातल्या काकूकडे मागता येते, हे त्यात ओळखलं होतं. गरज नवी नव्हती, ती बोलायला जागा नवी होती.

आणि आता आमच्या मनात बरेच दिवस असलेली गोष्ट सांगतो. एका बैठकीत आम्ही सगळ्यांना सांगितलं, आपापल्या घरच्या गरजा आणि हौशी दोन रांगांत लिहा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं आम्ही लिहून घेतलं. पोराची मोटरसायकल बहुतेकींनी गरजेत घातली. घरधन्याचा मोबाइल गरजेत. आणि एका मावशीने स्वतःचा चष्मा हौसेत घातला.

या मावशी तांदूळ निवडायच्या कामाला जातात. डोळ्यांना जवळचं दिसत नाही, म्हणून खडा राहून जातो आणि मालक पैसे कापतो. आम्ही विचारलं, "मावशी, चष्मा हौस कशी?" त्या म्हणाल्या, "आता या वयात चष्मा लावून मिरवू का? चालून जाते माह्यं." सगळ्या हसल्या, आणि मग हळूहळू गप्प झाल्या. कारण प्रत्येकीने स्वतःचं काहीतरी तसंच हौसेच्या रांगेत टाकलं होतं. कुणी दाताचं दुखणं, कुणी रक्ताची तपासणी, कुणी पायातली चप्पल.

मैत्रिणींनो, घरात गरज कोणती आणि हौस कोणती हे ठरवतं कोण, हे बघा. ज्याचा आवाज मोठा त्याची हौसही गरज होते आणि जिने आवाज काढलाच नाही तिची गरजही हौस ठरते. त्या महिन्यात गटाने मावशींना अंतर्गत कर्ज दिलं, चष्म्यासाठी. दोन महिन्यांत त्यांनी ते फेडलं, कारण पैसे कापणं बंद झालं.

तेव्हापासून आमच्याकडे कर्जाचा अर्ज आला की आम्ही तीन गोष्टी विचारतो. याच्यावाचून काय अडतं? यातून कमाई होईल किंवा नुकसान थांबेल का? आणि हप्ता कशातून जाईल? हौस असेल तर नाही म्हणत नाही. तिच्यासाठी वेगळी बचत करा म्हणतो. हौस साठवलेल्या पैशाची गोड लागते, कर्जाच्या पैशाची तिसऱ्या हप्त्यालाच कडू होते.

या बाजाराला एवढं करा

शेवटी एक काम देतो. येत्या आठवडी बाजाराला गटातल्या दोघी दोघी जा. माल विकायला जाऊ नका, फक्त विचारायला जा. पण "आमचं अमुक घ्याल का?" असं विचारू नका. आपली माणसं भिडस्त, हो म्हणतात आणि घेत नाहीत. आम्ही साठ बाटल्यांना फसलो ते याच होकाराने. त्याऐवजी हे विचारा. मागच्या महिन्यात तुम्ही घरात काय काय विकत घेतलं? कुठून, कितीला आणि कोणत्या मापात घेतलं? ते घेताना किंवा वापरताना काय त्रास झाला?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "तिखटात रंग होता," "पीठ दळायला दुसऱ्या गावाला जावं लागतं," "रोवणीच्या दिवसांत भाजी चिरायलाही वेळ नसतो." जिथे त्रास आहे तिथे गरज आहे. ती कुणीतरी अर्धीच भागवली आहे. तुमचा धंदा त्या उरलेल्या अर्ध्यात आहे.

जाता जाता, आमच्या फिनाइलचं काय झालं? आम्हीही असंच विचारत फिरलो. शाळेत गेलो, अंगणवाडीत गेलो, एका मंगल कार्यालयात गेलो. फरशी असलेल्या, रोज शेकडो पाय फिरणाऱ्या जागा. कार्यालयाचा माणूस म्हणाला, "बाटल्या कशाला आणता? कॅनमध्ये द्या, स्वस्त पडेल." पलंगाखालच्या काही बाटल्यांचा रंग उतरला होता, त्या टाकून दिल्या. तो तोटा आमचाच. बाकीच्या कॅनमध्ये ओतल्या आणि विकल्या. त्या लग्नसराईत कॅन भरून दोनदा मागणी आली. कर्जाचा शेवटचा हप्ता फिनाइलच्याच पैशातून गेला. ज्यांच्या घरी कटकट झाली होती, त्यांनी तो हप्ता स्वतःच्या हाताने भरला.

फिनाइल तेच होतं. आम्हीच चुकीच्या दारात उभ्या होतो.

बाजारात काय ऐकलं ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा आणि आम्हालाही कळवा. नमस्कार.